सोडावाल्यांची चौकशी

नांदुऱ्याच्या स्टेशनातून बाहेर पडलं की समोरून एक गल्ली कापसाच्या बाजाराकडे जात असे. नगरपालिकेच्या लेखी तिला काही नाव असेलही. लोक तिला नुसतं ‘गल्ली’ म्हणत, आणि गावात इतर गल्ल्या असूनही पत्ता सांगताना कधी घोटाळा होत नसे. राज्य नवं होतं. राजधानी मुंबईला गेली हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण गल्लीतली जुनी माणसं सरकारवर रागावली की अजून नागपूरच्या दिशेनेच हात करत.

मी तिथे एका दैनिकाचा बातमीदार म्हणून गेलो. बातमीदार म्हणजे एजंटही. दुपारच्या गाडीने आलेला अंकांचा गठ्ठा उतरवून घ्यायचा, गावात वाटायचा, आणि उरलेल्या वेळात बातम्या पाठवायच्या. यातलं पहिलं काम कचेरीला जास्त महत्त्वाचं वाटे. निघताना संपादकांनी एकच सूचना दिली होती: गावाची बातमी सरकारी टेबलावर मिळत नाही, जिथे चार लोक बसतात तिथे मिळते, तेव्हा आधी बसायला शिका.

म्हणून मी बसण्याच्या जागा पाहत गल्ली फिरलो.

तोंडाशीच पानठेला होता. त्याचा आरसा अशा कोनात टांगलेला होता की पानवाल्याला मान न वळवता स्टेशनकडून कोण आलं ते दिसे. कात लावता लावता तो पाहुण्याचं गाव, धंदा आणि येण्याचं कारण ठरवून टाकी, आणि पान हातात देताना फक्त खात्री करून घेई. पलीकडे सलून होतं. तिथला कारागीर अर्धं डोकं झालं की कात्री थांबवून राजकारणावर बोलू लागे, आणि उरलेल्या अर्ध्या डोक्यामुळे गिऱ्हाइकाला त्याच्याशी सहमत व्हावं लागे. सायकलच्या दुकानात तासाच्या भाड्याने सायकल मिळे. दुकानातलं घड्याळ सकाळी बरोबर असे, दुपारनंतर ते घाई करी. त्याला लागून स्टोव्ह आणि गॅसबत्त्या दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं, आणि गल्लीच्या शेवटी, बाजाराच्या भिंतीजवळ, पाटी नसलेलं एक निळं दार. दारूबंदी होती. त्यामुळे त्या दाराविषयी कोणालाच काही माहीत नसे, आणि वाट विचारणाऱ्याला सगळेच अचूक वाट सांगत.

मी आज इथे तर उद्या तिथे चहा घेत होतो, एका सलूनमध्ये दाढी तर दुसऱ्यात केस. हे गल्लीला खटकलं. पानवाल्याने एक दिवस पान बांधता बांधता विचारलं,

“पेपरवाले, तुमचं ठरलं काय?”

“कशाचं?”

“बसाचं. असं दारोदार चाय पेत फिरनं बरं नाही दिसत. लोक म्हन्तेत, मानूस चांगला दिसते, पन याचं कुठी बसनं नाही.”

तेव्हा कळलं की गल्लीतल्या प्रत्येक माणसाचं एक हॉटेल, एक पानठेला आणि एक सलून ठरलेलं असतं. ते बदलणं म्हणजे काहीतरी बिनसल्याची जाहीर नोटीस. मी मधोमधचं हॉटेल निवडलं, कारण त्याच्या दाराजवळच्या टेबलावर लिहायला उजेड चांगला येई. हॉटेलवाल्यांनी मात्र हे त्यांच्या चहाचं यश मानलं, आणि समोरच्या सोडावाल्यांनी माझ्याकडे पाहायचं काही काळ बंद केलं.

या दोघांविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढची सगळी हकिगत त्यांच्यामधल्या रस्त्यावर घडली.

सोडावाल्यांचं दुकान हॉटेलाच्या अगदी समोर होतं. गोटीच्या बाटल्या, लोखंडी पिंजऱ्यात त्या फिरवून गॅस भरण्याचं यंत्र, आणि फळीवर रांगेने पिवळा लेमन, लाल रासबेरी, तपकिरी जिंजर आणि पांढरा साधा सोडा. भरताना एखादी बाटली फुटे, म्हणून ते तोंडाला गोणपाट बांधून यंत्र फिरवत. माणूस बारीक, अबोल, आणि एकदा म्हटलेली गोष्ट न बदलणारा. हॉटेलवाले जाड, बोलके, आणि एकच गोष्ट दर वेळी निराळी सांगणारे. दोघांची जुनी मैत्री होती. ती मोडली ती हवामानामुळे. थंडीत सोडा कोणी पीत नाही, म्हणून सोडावाल्यांनी एका हिवाळ्यात दुकानात चहाची किटली ठेवली. त्याचं उत्तर म्हणून हॉटेलवाल्यांनी उन्हाळ्यात खामगावहून लेमनच्या बाटल्या मागवल्या. सोडावाल्यांचा चहा कोणाला आवडला नाही आणि खामगावचा लेमन गाडीतच गरम होऊन येई. दोघांचाही धंदा तिथल्या तिथे राहिला, बोलणं मात्र कायमचं बंद झालं.

बंद म्हणजे थेट बंद. सोडावाल्यांच्या शेजारी टेलर मास्तरांचं दुकान होतं, आणि दोघेही मास्तरांमार्फत बोलत. रस्ता जेमतेम एका बैलगाडीचा. हॉटेलवाले आपल्या भट्टीपुढून ओरडत, “मास्तर, त्याले सांगा, बाटल्या धुतल्याचं पानी इकडे सोडू नोको!” सोडावाले हातभर अंतरावरून शांतपणे म्हणत, “मास्तर, त्याले म्हना, पानी उताराकडेच जाते.” मास्तर शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणत, “दोघायलेबी सांगतल्लं.” दोन्ही घरच्या बायकांचं बोलणं अर्थातच एक दिवसही बंद नव्हतं. एका घरातला निरोप दुसऱ्या घरात पोचायला मास्तरांचीही गरज नसे.

मास्तर मोठ्या धर्मांतरानंतर बौद्ध झालेले. पूर्वी हॉटेलात त्यांच्यासाठी कप वेगळा ठेवला जाई. धर्मांतरानंतर त्यांनी त्या हॉटेलची पायरी चढणं सोडलं. मग एका सकाळी हॉटेलवाले सगळ्यांच्याच कपांतला एक भरलेला कप घेऊन स्वतः रस्ता ओलांडून आले, मास्तरांच्या यंत्रावर ठेवला, आणि मास्तरांनी तो पिईपर्यंत समोरच्या बाकावर बसून राहिले. त्यानंतर कप वेगळा राहिला नाही. हे मला तिसऱ्याच माणसाने सांगितलं. त्या दोघांपैकी कोणी कधी हा विषय काढला नाही.

सोडावाल्यांना एक मुलगी होती. मॅट्रिक झालेली. दुपारी वडील घरी जेवायला गेले की ती दुकानावर बसे. मी गठ्ठा घेऊन स्टेशनातून आलो की वरचा अंक मागून घेई, उभ्या उभ्या पहिल्या पानापासून शेवटपर्यंत नजर फिरवी, आणि घडी मोडल्याचं कोणाला कळणार नाही इतक्या नेमकेपणाने परत घालून देई. “आज काही नाही,” असा तिचा अभिप्राय असे. ज्या दिवशी माझी बातमी असे त्या दिवशीही तो बदलत नसे.

त्या वर्षी तिच्या लग्नाचं पाहणं चाललं होतं, आणि ते अडलं होतं ते गल्लीत.

तिकडची रीत अशी होती की स्थळ कळलं तरी मुलाकडचे एकदम घरी येत नसत. आधी त्यांच्यातला एखादा वयस्क माणूस गावात चक्कर टाकी. तो आपण कोण ते सांगत नसे. बाजाराचं काहीतरी निमित्त काढी, एका ठिकाणी चहा घेई, दुसऱ्या ठिकाणी पान खाई, आणि बोलता बोलता मुलीच्या बापाचा विषय काढी. जे कानावर पडलं ते पसंत पडलं तर घरची वाट विचारी. नाही पडलं तर आल्या गाडीने परत. सोडावाल्यांकडे यायला निघालेले दोन जण असे गल्लीतूनच परत गेले होते. घरी पोहे भिजलेले, मुलगी तयार, आणि पाहुणे गाडीत बसून गेल्याची खबर आरशातून पाहून पानवाल्याने द्यायची.

यामागे हॉटेलवाल्यांची जीभ असणार याबद्दल गल्लीला शंका नव्हती. हॉटेलवाले शपथेवर सांगत की ते दोन्ही पाहुणे आपल्या पायरीवर चढलेच नव्हते. त्यांच्या सगळ्याच गोष्टी दर वेळी निराळ्या असल्यामुळे ही एक खरी असेल असं कोणाला वाटलं नाही.

तिसरं स्थळ मोताळ्याकडचं होतं. मुलगा रोहिणखेडजवळच्या एका गावात शाळामास्तर. मध्यस्थाचा निरोप आला की या आठवड्यात कोणीतरी चक्कर टाकेल. मुलीने याबद्दल कोणाशी काही बोलल्याचं मी ऐकलं नाही. फक्त एका दुपारी अंक परत देताना तिने विचारलं,

“भाऊ, मोताळ्याच्या तिकडच्या खेड्यात पेपर कवा पोचते?”

“दुसऱ्या दिवशी. पावसाळ्यात तिसऱ्या.”

तिने थोडा विचार केला. “दुसऱ्या दिवशी तं दुसऱ्या दिवशी,” ती म्हणाली. त्यावरून ते स्थळ तिला हवं होतं, एवढं मला समजलं.

हे स्थळ गल्लीतून परत जाऊ द्यायचं नाही असं गल्लीने ठरवलं. टेलर मास्तर आणि पानवाला पुढे झाले. कोणी अनोळखी माणूस दिसला की त्याला हॉटेलाकडे जाऊच द्यायचं नाही, ठेल्यावरच धरायचं आणि सोडावाल्यांविषयी चांगलं तेवढं सांगून टाकायचं. काय सांगायचं तेही ठरलं. दारूबंदीच्या दिवसांत सोडा विकणाऱ्यावर लोकांचा एकच संशय असे. साधा सोडा संध्याकाळनंतर कशात घालतात हे लहान पोरालाही ठाऊक होतं. तेव्हा पाहुण्याला आधी त्या बाबतीत निश्चिंत करायचं, मागच्या दोघांना केलं होतं तसंच.

तो दिवस बाजाराचा नव्हता. दुपारची गाडी उशिरा, ऊन उतरल्यावर आली, आणि मी गठ्ठा घेऊन गल्लीत शिरलो तेव्हा ठेल्याजवळ घोळका होता. मध्ये एक साठीचे गृहस्थ उभे होते. पांढरं धोतर, परीटघडीची टोपी, काखेत छत्री. बाजार नसलेल्या दिवशी इतके स्वच्छ कपडे म्हणजे दुसरं कारण असूच शकत नाही, असं पानवाल्याने आरशातच ठरवलं होतं. मास्तर यंत्र सोडून आले होते, गळ्यात टेप तसाच.

“असा मानूस शोधून सापडाचा नाही,” मास्तर सांगत होते.

“कोन मानूस?” गृहस्थांनी विचारलं.

“आमचे सोडावाले!” पानवाला म्हणाला. “सोडा इकतेत, पन दारूचं नाव काढू नोका. शिवत नाहीत.”

“बरं.”

“कवाच शिवले नाहीत. वासबी सहन होत नाही त्यायले.”

“बरं बुवा. म्या कुठी म्हनलं शिवतेत म्हनून?”

“नाही, तुमी म्हनसान म्हनून आधीच सांगून राह्यलो,” मास्तर म्हणाले.

गृहस्थांनी पान तोंडात टाकलं, दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, आणि आवाज उतरवून विचारलं, “काऊन हो, त्यायच्यावर केस चालू हाये काय?”

गल्लीचा उत्साह यानेही कमी झाला नाही. गृहस्थांना फुकट लेमन पाजण्यासाठी सोडावाल्यांकडे नेण्याचं ठरत होतं. ते मात्र छत्री सावरत स्टेशनकडे सरकू लागले होते. मी पुढे गेलो आणि माझ्या टेबलाशी बसलो.

हॉटेलात त्या वेळी एकच गिऱ्हाईक होतं. मळकं धोतर, बंडीला मिरचीच्या रोपांचा हिरवा डाग, पायाशी गोणपाटात गुंडाळलेला स्टोव्ह. स्टोव्ह दुरुस्तीला आणणारी माणसं खेड्यांतून रोजच येत. या माणसाने कपातला चहा बशीत ओतला होता आणि तो न पिता तसाच ठेवला होता. हॉटेलवाले भट्टीजवळून समोरच्या दुकानाकडे पाहत होते. तिथे सोडावाले बाटल्या धुत होते.

“हा चिखल कायचा झाला हो?” त्या माणसाने दाराबाहेर पाहत विचारलं.

हॉटेलवाल्यांना एवढं पुरे होतं.

“कायचा म्हन्ता? ह्या समोरच्याचा! एक बाटली हा मानूस तीनदा धुते. एकदा साध्या पान्यानं, एकदा राखेनं, परत साध्या पान्यानं. आमी काय घान प्यालो आजवर? पन नाही! आन् सारं पानी माह्या दारात.”

“हाव काय?”

“आडमुठा हाये. म्हनलं तेच खरं. आता साधा सोडा घ्या. दिवे लागले का साधा सोडा बंद! लेमन घ्या, जिंजर घ्या, साधा नाही भेटत. मांगच्या साली माहा साडू आल्ता शेगावहून. पोटात कळा येऊन राह्यल्या, गडाबडा लोळून राह्यला. मास्तरले पाठवलं. म्हने, दिवे लागले. अबे, मानूस मरून राह्यला! तं म्हने, डाक्टरकडे न्या.”

“मंग?”

“मंग काय! नेला डाक्टरकडे. मले सांगा, हा धंदा करायची रीत हाये काय? सांजच्याला चार मानसं येतेत, दोन पैसे जास्तीचे देतो म्हन्तेत, हा हाकलून देते. लोक शिव्या देऊन जातेत. शेवटी तिकडे बाजाराच्या भिंतीजवळ दुसऱ्यानं सोडा ठेवला, त्याचा धंदा चालला. आन् हा बसला लेमन घेऊन!”

त्या माणसाने बशी उचलली आणि चहा एका घोटात संपवला. “आजून एक द्या,” तो म्हणाला.

हॉटेलवाल्यांनी दुसरा कप भरला आणि स्वतःच घेऊन आले. ऐकणारा माणूस त्यांना रोज मिळत नसे.

“कोनाचं आयकत नाही पाहा. पोरगी सातवी झाली तवा म्याच म्हनलं होतं, आता बस कर, तवा आमी बोलत होतो. तं नाही. मॅट्रिक करून ठेवली. म्हने, तिले शिकाचं हाये. तिले शिकाचं हाये म्हनून बाप रोज बाटल्या धुऊन राह्यला! आन् चाय ठेवली होती त्यानं. पाव्हणे, तुमी कवा त्याची चाय पेले नाही, नशीब समजा. जनावर तोंड लावनार नाही.”

“पोरगी कशी हाये?” त्या माणसाने विचारलं.

हॉटेलवाले थांबले. प्रश्न साध्या आवाजात आला होता, पण चिखलावरून, सोड्यावरून आणि चहावरून इथपर्यंत येण्याचं स्टोव्हवाल्याला कारण नव्हतं. त्यांनी गोणपाटाकडे पाहिलं.

“स्टोव्हाले काय झालं तुमच्या?”

“काही नाही. चांगला हाये.”

“मंग आनला काऊन?”

“बाजाराचा दिवस नाही. हात हालवत आलो असतो तं लोकायनं वळखलं असतं.” त्याने दुसरा चहा बशीत ओतला. “पोराचा मामा हाओ मी. पोरगी कशी हाये, सांगतल्लं नाही तुमी.”

 हॉटेलवाल्यांनी खांद्यावरचं फडकं काढलं, कोरडे हात पुसले, परत खांद्यावर टाकलं.

“पोरीचं मले इचारू नोका,” ते म्हणाले. “तिच्याबद्दल वाकडा शबुद गेला तं माही बायको मले घरात घेनार नाही. लहानपनी अर्धी आमच्याच घरी जेवली ते. आन् मामा, मी आता बोललो ते...”

“ते आयकलं मी.”

“ते धंद्यातलं हाये. तसं काही...”

मामाने चहा संपवला, स्टोव्ह उचलला आणि बाहेर पडला. रस्ता ओलांडून तो सरळ सोडावाल्यांपुढे जाऊन उभा राहिला. दुकानांतून एकेक कंदील लागत होता. स्टोव्हच्या दुकानात गॅसबत्तीला पंप मारल्याचा आवाज येत होता. मास्तर अजून ठेल्यावरून परतले नव्हते, यंत्र रिकामं होतं. सोडावाल्यांना समोरचा माणूस कोण हे सांगायला तिथे कोणी नव्हतं.

“साधा सोडा द्या,” मामा म्हणाला.

सोडावाल्यांनी वर टांगलेल्या कंदिलाकडे बोट केलं. तो नुकताच लागला होता.

“साधा आता नाही भेटत. लेमन घ्या.”

“पोटात दुखते.”

“मंग लेमन नोका घेऊ. डाक्टर स्टेशनच्या तिकडे हाये.”

“लांबून आलो बुवा. एक बाटली दिल्ली तं काय होते?”

हे ऐकून हॉटेलवाल्यांचा धीर सुटला. आपण आधीच स्थळ बिघडवलं, उरलंसुरलं हा आडमुठेपणाने घालवणार, असं त्यांना दिसत होतं. त्यांनी सवयीने “मास्तर!” अशी हाक मारली. यंत्रावर कोणी नव्हतं. मग ते पायरी उतरून भर रस्त्यात आले आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा थेट बोलले:

“दे ना बे त्याले सोडा! पाव्हणे हायेत ते! रोहिणखेडचे!”

गल्ली थांबली. सलूनमधून अर्धी दाढी झालेला एक माणूस टॉवेलसकट बाहेर आला.

सोडावाल्यांनी आधी हॉटेलवाल्यांकडे पाहिलं, मग मामाकडे, मग फळीवरच्या पांढऱ्या बाटल्यांकडे. पाहुणे कोण हे आता त्यांना समजलं होतं. मुलीचं स्थळ समोर स्टोव्ह घेऊन उभं होतं आणि एक बाटली मागत होतं. त्यांचा हात फळीकडे गेला असं मला वाटलं. पण तो तिथे थांबला, खाली आला, आणि त्यांनी कमरेच्या पंच्याला पुसला.

“तू कोन मले सांगनारा?” ते हॉटेलवाल्यांना म्हणाले. आणि मामाला, हात जोडून: “पाव्हणे, दुकानात तुमी गिऱ्हाईक. दिवे लागले. घरी या, घरी पाहिजे ते देतो. इथं साधा नाही भेटत.”

“अबे, सारं घालवलं ह्यानं!” हॉटेलवाले रस्त्यात बसायचे तेवढे बाकी राहिले.

मामाने स्टोव्ह खाली ठेवला आणि मोकळेपणाने हसला. हसणं ओसरल्यावर त्याने जे सांगितलं ते गल्लीने पुढे पुष्कळ दिवस एकमेकांना ऐकवलं, प्रत्येक वेळी दुसऱ्याची चूक म्हणून.

“आमच्या नात्यातले दोघं आपापल्या पोरांसाठी येऊन गेले इथं आधी,” तो म्हणाला. “दोघायनंबी परत येऊन हेच सांगतल्लं, मानूस चांगला दिसते, पन गल्लीतलं हर एक जन न इचारता म्हन्ते, हा दारूले शिवत नाही. न इचारता काऊन सांगतेत? काहीतरी असंन. म्हनून म्या मोटारीत कंडक्टरले इचारलं, त्या सोडावाल्याचं पटत नाही असं कोन हाये? तो म्हने, समोरचा हॉटेलवाला. म्हनलं, मंग तिथंच चाय पेऊ. वैरी जे सांगते त्याच्याहून वाईट तं काही नसंन.” तो हॉटेलवाल्यांकडे वळला. “लय वाईट सांगतल्लं बुवा यायनं. बाटल्या धुते म्हने. पोरीले शिकवते म्हने.”

 कौतुक झालं की फजिती, हे ठरवायला हॉटेलवाल्यांना वेळ हवा होता.

“लेमन द्या एक,” मामा म्हणाला. “आन् घर कोन्तं ते सांगा.”

लेमनच्या बाटलीतली गोटी आत गेल्याचा आवाज आला तेव्हाच मास्तर आणि पानवाला स्टेशनकडून परतले. टोपीवाले गृहस्थ बहिणीकडे भुसावळला चालले होते, नांदुऱ्याला फक्त मोटारीतून उतरून गाडी धरायला आले होते. फुकटचा लेमन त्यांनी शेवटपर्यंत घेतला नाही. “ज्या गावात सोडावाल्याची एवढी ग्वाही द्यावी लागते, तिथं मी पान्याचाबी घोट घेनार नाही,” असं सांगून ते गाडीत बसले होते. मास्तर हे तक्रारीच्या सुरात सांगत होते. समोर मळक्या धोतरातला माणूस लेमन पीत होता, सोडावाले दुकानाच्या फळ्या लावत होते, आणि हॉटेलवाले भर रस्त्यात उभे होते. यातलं काय आधी विचारावं ते त्यांना कळेना.

घरी काय झालं ते मी पाहिलं नाही, आणि न पाहिलेलं लिहिण्याची मला परवानगी नव्हती. सोडावाले मामाला घेऊन गेले. हॉटेलवाल्यांची बायको त्याआधीच मागच्या दाराने पोचलेली होती. मामाने मुक्काम केला नाही, रात्रीच्या मोटारीने गेला, हे पानवाल्याने आरशात पाहिलं. पण जाणाऱ्या माणसाच्या पाठीवरून होकार की नकार हे त्यालाही सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोडावाल्यांनी नेहमीच्या वेळी दुकान उघडलं, तोंडाला गोणपाट बांधलं आणि यंत्र फिरवायला घेतलं. तोंड बांधलेल्या माणसाला विचारायचं कसं, या पेचात गल्लीची सकाळ गेली. सलूनमध्ये त्या दिवशी राजकारण निघालं नाही. हॉटेलवाले दोनदा रस्त्याच्या मध्यापर्यंत आले आणि परत गेले. एकदा थेट बोलणं झालं होतं, पण ते तात्पुरतं होतं की कायमचं, याची त्यांना खात्री नव्हती.

दुपारी मुलगी आणि तिची आई मास्तरांच्या दुकानात आल्या. आईच्या हातात कागदात बांधलेलं कापड होतं. मास्तरांनी ते उलगडलं. हिरवं होतं, काठाला जर होती. यंत्र थांबलं. हॉटेलात भट्टीवरचं दूध वर येऊ लागलं, ते उतरवायला कोणी हललं नाही.

“कवा पाहिजे?” मास्तरांनी विचारलं. आवाज शक्य तितका रोजचा ठेवला होता.

“आखाजीच्या आधी,” मुलगी म्हणाली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, तिकडच्या लग्नांचा ठरलेला मुहूर्त.

मास्तर कोणत्याही कपड्याला “परवा या” म्हणत, आणि त्यांचा परवा महिन्यात कधीही येई. हे सगळं गाव जाणून होतं आणि कोणी रागवत नसे. त्यांनी टेप गळ्यातून काढला, कापड मोजलं, आणि थोडा वेळ मनाशी हिशेब केला.

“बाकीचं सारं बाजूले ठेवतो,” ते म्हणाले. “शुक्रवारी घेऊन जा. खरा शुक्रवार.”